मामांचा ट्रम्पेट



महिन्याच्या शेवटच्या रविवारी बारामतीत आमच्या घरी पाच-सहा जण जमतात. एक एस.टी.चे ड्रायव्हर, एक एमआयडीसीतले कामगार, दोन शिक्षक आणि मी कारकून. प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक गाणे आणायचे, इतरांना ऐकवायचे आणि ते का आवडले ते सांगायचे, एवढाच नियम. पूर्वी कॅसेट असायच्या, आता मोबाईलला छोटा स्पीकर जोडतो. बहुतेक वेळा वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचीच गाणी असतात. गेल्या वेळी मात्र मी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे जॅझ संगीत लावले.

त्या दिवशी इंदापूरहून मामा आले होते. मामांनी तीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. आता दम पुरत नाही. ट्रम्पेट माळ्यावर पडून आहे. त्या दिवसांबद्दल ते बोलत नाहीत. विचारले तर म्हणतात, "त्यात काय सांगायचं? लोकांच्या वरातीत वाजवलं, पोट भरलं."

मी लुई आर्मस्ट्राँग यांची १९२८ सालची 'वेस्ट एंड ब्लूज' लावली. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट वाजतो, साथीला कोणीच नाही. भिंतीला टेकलेले मामा सरळ झाले. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव." असे तीनदा झाले. मग विचारले, "कोण हा माणूस?"

मी सांगितले. १९०१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात अठराविश्वे दारिद्र्यात जन्म. लहानपणी कोळशाच्या गाडीवर काम केले. १९१३ च्या पहिल्याच दिवशी पोलिसांनी मुलांच्या सुधारगृहात नेऊन घातले. तिथल्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायला शिकला आणि पुढे जगभर गाजला. त्याच १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते.

मामांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "ह्येला पंगतीला बसवत व्हते का रं?"

घर शांत झाले. मग पहिल्यांदाच मामांनी सांगितले. एका मोठ्या लग्नात दिवसभर वाजवून झाल्यावर बँडवाल्यांना मांडवाबाहेर, सगळ्यांच्या शेवटी वाढले होते. मामा न जेवता सायकलवर इंदापूरला परतले. घरी मात्र सांगितले, जेवून आलो.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. ज्या हॉटेलात वाजवायचे, तिथे काळ्या वादकांना राहता-जेवता येत नसे. १९५६ साली लुइझियाना राज्याने गोऱ्या-काळ्यांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर कायद्याने बंदी घातली. आपल्या धम्मदीक्षेचेच ते वर्ष. आर्मस्ट्राँग यांच्या ताफ्यात दोन्ही वर्णांचे वादक होते. त्यांनी आपल्या जन्मगावी वाजवणेच सोडले. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर, १९६५ साली ते तिथे पुन्हा वाजवायला गेले. मामा म्हणाले, "म्हंजे त्योबी न जेवता परतला म्हण की."

आमच्यातल्या एका गुरुजींनी शंका काढली. "गावकीची कामे आपल्या माणसांनी प्रयत्नपूर्वक सोडली. मग वाजवण्याचे कौतुक कशाला?" शंका रास्त आहे. परंतु आपण सोडली ती सक्ती आणि लाचारी. कला सोडायची असे कोणी सांगितले नव्हते. तिकडे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्या गुलामांच्या लेकरा-नातवंडांनी बँडची पितळी वाद्ये हाती घेतली आणि त्यातून स्वतःचे संगीत घडवले. १९३९ साली बिली हॉलिडे या गायिकेने 'स्ट्रेंज फ्रूट' गाऊन, झाडाला लटकवून मारलेल्या काळ्या माणसांचे दुःख जगासमोर मांडले. आपल्या शाहीर-गायकांनी तरी दुसरे काय केले?

हे संगीत परके वाटत असेल तर 'अलबेला' आठवा. गिरणी कामगाराच्या मुलाने, भगवानदादांनी, १९५१ साली काढलेला चित्रपट. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे. त्यांच्याबरोबर गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट काम करीत, त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. ज्या चालींवर आपल्या वरातींत माणसे नाचली, त्यांत हे जॅझ केव्हाच मिसळले होते. मामांनीही तेच वाजवले, फक्त त्याचे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आठवड्याने इंदापूरहून फोन आला. "ट्रम्पेट खाली काढलाय. पितांबरी लावून घासला. नात म्हणती, आबा, वाजवा. एकच सूर काढला, पण निघाला."

वाचकहो, आपल्याही घरात, शेजारी कोणी बँडमध्ये वाजवलेले आजोबा, काका असतील. एका संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून त्यांना मधोमध बसवा आणि विचारा, काय काय वाजवत होता? आणि हो, आधी त्यांना जेवायला वाढा. पहिल्या पंगतीला.