प्राध्यापकांनो, वस्तीत विज्ञानही घेऊन या!

एप्रिल महिना उजाडला की आमच्या वस्त्यावस्त्यांतून व्याख्यानमालांचे फलक झळकू लागतात. विद्यापीठातील प्राध्यापक येतात. हार, शाल, सत्कार होतो. विषय ठरलेले असतात : बाबासाहेब आणि संविधान, बाबासाहेब आणि स्त्रीमुक्ती, बाबासाहेब आणि धम्म. हे विषय हवेतच, त्याबद्दल आमचा वाद नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. प्राणिशास्त्राचा, भौतिकशास्त्राचा, संख्याशास्त्राचा प्राध्यापक या मंचावर का दिसत नाही? आपण त्याला बोलावत नाही आणि तोही आपणहून येत नाही, हेच खरे!

एकच उदाहरण घ्या. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आमच्या आणि आदिवासी बांधवांच्या घराघरांत दुःख पेरत आला आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी निघण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः धडधाकट दिसतो, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. हे गणित फळ्यावर काढून समजावायला अर्धा तास पुरे. ते कुणी समजावले नाही, तर पोर सांधे धरून रडते आणि आई देवीचा कोप समजून अंगारा लावत बसते. आनुवंशशास्त्राचे एक व्याख्यान अशा घराला दहा सत्कारांपेक्षा मोलाचे आहे.

ज्ञानाचे असे कप्पे बाबासाहेबांनी कधीच मानले नाहीत. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तो रुपयाच्या प्रश्नावर. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत, तेव्हा इतर कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसत. अशा महामानवाचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी अर्ध्या ज्ञानावर समाधान का मानावे?

विद्यापीठवाले म्हणतील, आमची सभागृहे सर्वांना खुली आहेत. खुली आहेत, पण कुणासाठी? कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, इंग्रजीतून! त्या वेळी आमचा माणूस नाक्यावर काम शोधत असतो आणि आमची बाई दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची जयकर व्याख्यानमाला महाविद्यालयांपर्यंत पोहोचली, ही चांगली गोष्ट आहे. पण महाविद्यालयाच्या फाटकापासून वस्ती किती दूर आहे?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे रोखठोक सांगितले होते की, सरकारी तिजोरी भरते ती कष्टकऱ्यांच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. आजही विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते. मीठमिरची घेणारी आमची आजीसुद्धा कर भरते. तेव्हा प्राध्यापक वस्तीत आले तर ते उपकार नव्हेत, ते देणे आहे! आणि आरक्षणाच्या बळावर त्या खुर्चीत बसलेल्या आमच्याच बांधवांवर तर हे देणे दुप्पट आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी व्यक्त केलेली खंत त्यांनी विसरू नये.

दोष आमचाही आहे. डी.जे.साठी वर्गणी भराभर जमते आणि वक्त्याच्या प्रवासखर्चाला हात आखडतो. वक्ता बोलतो, टाळ्या पडतात, आभार मानले जातात. प्रश्न विचारायला वेळच ठेवलेला नसतो. प्रश्न न विचारता ऐकणे हे कीर्तन झाले, व्याख्यान नव्हे!

म्हणून आमची जयंती मंडळांना विनंती आहे. पाच दिवसांच्या व्याख्यानमालेत किमान दोन दिवस विज्ञानाला द्या. वेळ रात्री आठची ठेवा, भाषा मराठी ठेवा आणि अर्धा वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांना द्या. पहिल्या रांगेत पाहुण्यांऐवजी शाळेतली मुले बसवा. त्यातली एखादी पोरगी उठून प्राध्यापकाला अडवणारा प्रश्न विचारील, तो दिवस खऱ्या जयंतीचा!

जयभीम!