यंत्र येईल, पण कोणाच्या दाराशी?

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली म्हणजे दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकन मेंदुतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी 2006 साली मांडला. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी बाहेर ओढून काढण्याची उपचारपद्धती त्याहून प्रभावी असल्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाच स्वतंत्र चाचण्यांनी सिद्ध केले. परंतु ही विद्या अवगत असलेले डॉक्टर थोडे आणि तेही महानगरांत एकवटलेले. त्यामुळे पक्षाघाताच्या रुग्णाचे भवितव्य त्याच्या आजाराइतकेच त्याच्या गावाच्या पत्त्यावर अवलंबून राहते.

या अंतरावर तोडगा म्हणून आता रोबोचे नाव पुढे येत आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये कॅनडातील टोरांटो येथे डॉ. व्हिटर मेंडिस परेरा यांनी रोबोच्या साहाय्याने मेंदूच्या धमनीतील फुगवट्यावर उपचार केला. डॉक्टर पडद्यासमोर बसून दांडे फिरवतात आणि रुग्णाशेजारचे यंत्र नळी व तार मिलिमीटरच्या हिशेबाने पुढे-मागे सरकवते. हाताच्या कंपाचा दोष टळतो. शिशाचे जड कवच अंगावर वागवीत वर्षानुवर्षे क्ष-किरणांत उभे राहणाऱ्या डॉक्टरांचे शरीरही वाचते. हे लाभ खरे आहेत, आणि यंत्र म्हटले की नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. जे यंत्र श्रम हलके करते व जीव वाचवते, त्याचे स्वागतच केले पाहिजे.

प्रश्न वेगळा आहे. डॉक्टर शहरात, रुग्ण तालुक्यात आणि मध्ये केवळ एक तार, असे जे चित्र रंगवले जाते, त्याचा अनुभव काय सांगतो? डिसेंबर 2018 मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून सुमारे 32 किलोमीटरवरील अहमदाबादच्या रुग्णालयात हृदयाच्या धमनीवर उपचार केला. असे पाच रुग्ण त्या मालिकेत होते. प्रयोग यशस्वी झाला आणि जगभर गाजला. तथापि त्याचे रूपांतर खेड्यातील रुग्णाच्या नित्याच्या सेवेत झाले नाही. ते यंत्र बनवणारी कंपनी 2019 साली एका बलाढ्य जर्मन उद्योगसमूहाने सुमारे 110 कोटी डॉलरना विकत घेतली, आणि 2023 साली याच समूहाने हृदयोपचारासाठीचा रोबोचा व्यवसाय आवरता घेतला. रुग्णांची गरज संपली म्हणून हा निर्णय झाला नाही. नफ्याचे गणित जुळले नाही म्हणून झाला. ज्या सेवेच्या किल्ल्या दूरच्या संचालक मंडळाच्या हाती असतात, तिच्यावर सार्वजनिक आरोग्याची इमारत उभी करता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, रोबो माणसांची जागा घेत नाही. तो फक्त एका माणसाची जागा बदलतो. धमनीला छेद देऊन पहिली नळी आत बसवणारा कुशल हात रुग्णाजवळच लागतो. भूलतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ आणि क्ष-किरण चित्रणाची सुसज्ज शाळाही तेथेच लागते. धमनी फाटली किंवा संपर्क तुटला तर सूत्रे हाती घेणारा कोणी तरी समोर असावाच लागतो. म्हणजे ज्या रुग्णालयात रोबो चालू शकेल, ते रुग्णालय आधी पुष्कळसे परिपूर्ण असले पाहिजे. उणीव नेमकी तेथेच आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील 86 गावांत ‘सर्च’ संस्थेने 2011 ते 2013 या काळातील मृत्यूंचा अभ्यास केला. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. दर सात मृत्यूंमागे जवळजवळ एक त्याचा. यांपैकी बहुसंख्य माणसे घरीच मरण पावली. ज्याला रुग्णालयाचा उंबरठाच दिसला नाही, त्याच्यासाठी नळी कोणत्या हाताने सरकवली, हा प्रश्न उद्भवतच नाही. त्याला हवी होती वेळेवर रुग्णवाहिका, रात्रीही चालू असणारे सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारे औषध.

अर्थशास्त्राचा साधा नियम आहे: एका कामी लावलेला रुपया दुसऱ्या कामी लागत नाही. सार्वजनिक आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.5 टक्के खर्च 2025 पर्यंत करण्याचे अभिवचन 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. ते पाळले गेले नाही. अशा तोकड्या अंदाजपत्रकातून आधी काय घ्यायचे, हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. तो राजकीय प्रश्न आहे. खाजगी रुग्णालयाने महागडे यंत्र घेतले तर त्याची किंमत शेवटी रुग्णाच्या देयकातून वसूल होणार, आणि गरज असो वा नसो, यंत्र रिकामे राहू नये म्हणून त्याचा वापर वाढवला जाणार.

हे अटळ आहे असे मात्र नव्हे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने हृदयातील औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. तोवर लाखाच्या वर विकली जाणारी वस्तू एका आदेशाने खाली आली, आणि हृदयोपचार बंद पडले नाहीत. मेंदूतील गुठळी काढण्याच्या साधनांनाही असाच किंमतीचा लगाम का नसावा?

म्हणून आमची मागणी क्रमवार आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अहोरात्र सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारे औषध विनामूल्य मिळावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हा उपचार शिकवणाऱ्या जागा वाढवाव्यात. उपचारसाधनांच्या किंमतींवर मर्यादा घालावी. त्यानंतर रोबो अवश्य घ्यावा, परंतु सार्वजनिक मालकीचा, आणि सुटे भाग व दुरुस्तीची दीर्घकालीन लेखी हमी घेऊनच.

कार्यकर्त्यांनी या आठवड्यात आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत. सीटी स्कॅन रात्री चालते का? औषधाचा साठा आज किती आहे? गेल्या महिन्यात पक्षाघाताचे किती रुग्ण साडेचार तासांच्या आत पोहोचले? मिळालेली उत्तरे, आणि जेथे उत्तर मिळणार नाही तेथील मौनही, लेखी नोंदवून ठेवावे. पुढच्या अंदाजपत्रकाच्या लढ्याचा आरंभ त्या नोंदींपासून होईल.