काळ्या कातळाच्या भाकऱ्या

मुलांनो, नेरळहून कर्जतला गाडीनं जाताना उजव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसतो. पावसाळा ओसरला की त्याच्या कड्यांकडे नीट बघा. काळा कातळ, मग गवताची हिरवी पट्टी, पुन्हा काळा कातळ. आईनं भाकऱ्यांची चळत रचून ठेवावी ना, अगदी तसं!

या भाकऱ्या थापल्या कुणी? तर ज्वालामुखीनं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून तापलेला लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा चहूकडे पसरला. एक थर थंड होऊन घट्ट झाला, की त्यावर दुसरा. असे कितीतरी थर साचले. त्या दगडाचं नाव बेसाल्ट. आजही तो सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भागात पसरलेला आहे. या भागाला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का! स्वीडिश भाषेतल्या 'पायरी' अशा अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं.

गंमत म्हणजे त्या वेळी आपला देश आजच्या जागी नव्हताच. पृथ्वीचं कवच अखंड नाही. तडकलेल्या अंड्याच्या टरफलासारखे त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. ते सतत सरकत असतात, पण किती हळू? वर्षाला काही सेंटिमीटर. साधारण तुमची नखं वाढतात तेवढंच! लाव्हा वाहिला तेव्हा भारताचा भूपट्ट खूप दक्षिणेला होता. तो उत्तरेकडे सरकत आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहिला. म्हणजे आपला हा कातळ हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेला आहे.

आता थरांकडे पुन्हा वळू. सगळे थर सारखे टणक नसतात. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे वर येतात, म्हणून थराचा वरचा भाग आंबोळीसारखा जाळीदार होतो. त्या भोकांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं साठतात. काळ्या दगडात पांढरे चमकते खडे दिसतात ना, ते हेच. झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी त्यांची नावं. टणक भाग टिकून राहतो, त्याचा उभा कडा होतो. मऊ भाग लवकर झिजतो, तिथं उतार होतो आणि माती साचते.

हे सगळं फक्त परीक्षेपुरतं नाही. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री, मुसळधार पावसात, तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ताच राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं.

डोंगर म्हणजे नुसता कातळ, असं आपल्याला वाटतं. पण कड्याखालच्या उतारावर माती, मुरूम आणि वरून पडलेले धोंडे साचलेले असतात. पावसाचं पाणी त्यात मुरतं. खालच्या टणक कातळातून त्याला सहज वाट मिळत नाही. माती भिजून जड होते, तिची पकड सुटते आणि सगळा भार खाली घसरतो.

करून बघा. एका ताटलीत बोटभर जाडीची माती दाबून बसवा. ताटली थोडी तिरकी धरा. माती जागची हलणार नाही. आता तांब्यानं हळूहळू पाणी घालत राहा. माती केव्हा सरकते, ते वहीत लिहा.

तुमचं घर डोंगराच्या पायथ्याशी असेल, तर पावसाळ्यात डोळे उघडे ठेवा. उतारावर नवी भेग पडली आहे का? झाडं किंवा विजेचे खांब कलले आहेत का? नसलेल्या जागी झरा फुटला आहे का? झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं आहे का? यातलं काहीही दिसलं तर लगेच घरी सांगा. आईबाबांनो, पोर सांगतंय म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आधी उतारापासून दूर व्हा, शेजाऱ्यांना हाका मारा. मग सरपंच, तलाठी किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 या क्रमांकावर कळवा.

यादीत नाव असो वा नसो, डोंगर रोज डोळ्यांसमोर असतो तो तुमच्याच. तेव्हा या रविवारी एक काम करा. आपल्या गावातून दिसणाऱ्या डोंगराचं चित्र काढा. कडा कुठं, उतार कुठं, घरं कुठं, ते त्यात दाखवा आणि घरच्यांना समजावून सांगा. जमेल ना?