मनाचा कौल कधी मानावा?

‘मनाने कौल दिला’ असे कुणी म्हटले की पुढचा वाद संपतो. कोकण-गोव्यातल्या देवळांत मूर्तीला फुले किंवा तांदूळ लावून कौल घेतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. देवाचा हा अधिकार आपण मनालाही सहज बहाल करतो. पण मनाला तो कमवावा लागतो. शाकुंतलातला दुष्यंत शंकेच्या वेळी अंतःकरणाचा कल प्रमाण मानतो, तेव्हा कालिदास अट घालतो: ते अंतःकरण सज्जनाचे हवे. आजच्या व्यवहारात या अटीला आणखी एक जोड हवी, ती म्हणजे सरावाची.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी नोंदवलेल्या एका घटनेत अग्निशामक अधिकाऱ्याने जळत्या घरातून जवानांना अचानक बाहेर काढले आणि पाठोपाठ घराची जमीन खचली. आग तळघरात होती. अधिकाऱ्याला आपली ही जाणीव अतींद्रिय शक्ती वाटली. वास्तविक पाणी मारूनही आग दबत नव्हती, धग फार होती आणि आवाज कमी, ही विसंगती त्याच्या अनुभवाने टिपली होती. क्लाइन आणि अंतःप्रेरणेकडे संशयाने पाहणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी २००९ साली मिळून शोधनिबंध लिहिला. त्यांच्या मते असा कौल दोन अटींवर विश्वासार्ह ठरतो: त्या क्षेत्रात काही नियमितता असावी आणि चूक वेळेवर कळून शिकता यावे. नोकरीच्या मुलाखतीत दुसरी अट बहुधा मोडते. नाकारलेला उमेदवार पुढे कसा निघाला हे मुलाखत घेणाऱ्याला कळतच नाही. मग ‘माणूस बघताक्षणी ओळखतो’ या आत्मविश्वासामागे अनेकदा ओळखीचे आडनाव, आपल्यासारखी बोली आणि जातीचा अंदाजच उरतो.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक वेळी पुरावे गोळा करायला सवड कुठे असते? आणीबाणीत ती नसतेच. म्हणून तिथे मुरलेल्या माणसाचेच ऐकावे. शिवाय आकड्यांत न मावणारे काही मनाला जाणवते, हेही खरे. पण त्यासाठी क्रम पाळावा. तरुणपणी इस्रायली सैन्यात काहनेमन यांनी मुलाखतकारांना आधी उमेदवाराच्या सहा स्वभाववैशिष्ट्यांना वेगवेगळे गुण द्यायला लावले आणि मगच डोळे मिटून स्वतःचा अंदाज सांगायला सांगितले. तो अंदाजही उपयोगी ठरला. तेव्हा मनाला जरूर विचारावे, पण माहिती पुढ्यात मांडून झाल्यावर. आणि निर्णय दुसऱ्याच्या आयुष्याचा असेल, तर ‘मला असे वाटले’ एवढ्यावर थांबू नये. कारण सांगणे हे आपले त्याच्याप्रति कर्तव्य आहे.