विशेषणांची शाळा

आमचा धंदा व्याकरणाचा. त्यामुळे सरकारी कागद हाती आला की त्यातल्या रकमेआधी माझे लक्ष विशेषणांकडे जाते. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, म्हणूनच आमच्या घरी रक्कम कधी आली नाही. असो.

'शाळा' हाच शब्द घ्या. आजोबांच्या वेळी त्याला एकच विशेषण होते, 'सक्तीची'. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत करून घेतला. मुंबई शहरासाठी वेगळा कायदा १९२० साली झाला, आणि १९२५ साली म्युनिसिपालिटीने सक्तीचा पहिला प्रयोग केला तो एफ् आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ-लालबाग-दादरच्या बाजूला, गिरणी कामगारांच्या वस्तीत. मलबार हिलवर नव्हे! या निवडीचे मला फार कौतुक वाटते. पोर शाळेत दिसले नाही की म्युनिसिपालिटीचा माणूस चाळीत येई. पणजी आजोबांना पाण्याच्या पिंपामागे लपवी, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात दुसरे कोणी नव्हते. तिसऱ्या खेपेला आजोबा पिंपामागे शिंकले आणि साक्षर झाले. हे वाक्य त्यांचेच.

वडिलांच्या वेळी विशेषण इंग्रजी अक्षरांचे आले, 'ई. बी. सी.'. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीमाफी दिली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातली मुले तिच्यामुळे हायस्कुलात टिकली. आजोबा तेव्हा गिरणीत 'बदली' होते. रोज दारावर उभे राहायचे, कोणी कायम कामगार गैरहजर असला तर आत जायचे, नाहीतर घरी परतायचे. एरवी ते हा शब्द तोंडातून काढत नसत. वडिलांच्या फीमाफीच्या फॉर्मवर मात्र त्यांनी तो चांगला मोठ्या अक्षरांत लिहिला.

मी शिकलो ती दादरची शाळा 'अनुदानित'. मास्तरांचा पगार सरकार देई. तो कुठून येतो, हा प्रश्न आम्हां मुलांना कधी पडला नाही, आणि मला वाटते मास्तरांनाही फारसा पडला नसावा. त्यांना आमच्या शुद्धलेखनाची काळजी करायला वेळ असे.

पुढे त्या विशेषणाला 'विना' जोडले गेले, आणि २००१ च्या सुमारास त्याच्याही आधी 'कायम' येऊन बसले. कायम विनाअनुदानित! शाळा काढायची तर काढा, पैसा मात्र कधीही मागू नका. वाचकहो, 'कायम' हा मूळचा अरबी शब्द. गिरणगावात त्याला केवढे मोल! बदलीचा कायम झाला की माणूस चाळभर पेढे वाटी. तोच शब्द शाळांच्या कपाळी असा मारला गेला. २००९ च्या जुलैत सरकारने तो वगळला. एक शब्द खोडायला आठ वर्षे! मी उत्तरपत्रिका या गतीने तपासल्या तर विद्यापीठ मला घरी बसवील. बरे, शब्द गेला म्हणून पैसा आला असेही नाही. शाळांची मूल्यांकने झाली, याद्या झाल्या, आणि २० टक्क्यांचा पहिला टप्पा हाती पडायला २०१६ साल उजाडले. दरम्यान २०१२ च्या कायद्याने आणखी एक विशेषण आणले, 'स्वयंअर्थसहाय्यित'. आपणच आपल्याला सहाय्य करायचे. हा समास मला अजून सुटलेला नाही.

२०२५ च्या जुलैत विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते. गिरगावात काम आटोपून मी बोरीबंदरकडे पायी निघालो होतो. वाटेत आझाद मैदानावर शिक्षकांची ही गर्दी! वाढीव टप्प्याचा निर्णय आदल्या ऑक्टोबरात जाहीर झाला होता, पैशाची तरतूद तेवढी राहिली होती. पावसाने चिखल झालेला, त्यावर ताडपत्र्या अंथरून माणसे बसली होती. त्यांतून एकाने हाक मारली, "सर!" माझा जुना विद्यार्थी. परळचा. एम. ए.ला भाषाशास्त्र घेतले होते.

"अरे, तू इथे कसा? कुठे असतोस?"

"उपनगरात, सर. मराठी शाळेवर. सध्या चाळीस टक्के शिक्षक आहे."

"आणि उरलेले साठ टक्के?"

"संध्याकाळी शिकवण्या. घरभाडे शंभर टक्के द्यावे लागते ना."

हे तो हसत म्हणाला. मलाही हसावे लागले. मग त्याने विचारले, "ताई आता कितवीत?"

"सातवीत."

"आपल्याच शाळेत?"

इथे मला थोडे मागे जायला हवे. मुलीला पहिलीत घालायच्या वेळी मी माझ्या जुन्या शाळेत गेलो होतो. बाके तीच होती. पहिलीच्या वर्गात त्यांवर बसायला पुरेशी मुले नव्हती. वर्ग टिकेल का, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही घातलेत तर टिकेल." बाहेर आवारातच त्याच संस्थेच्या इंग्रजी शाळेच्या अर्जासाठी रांग लागली होती. मी दहा-पंधरा मिनिटे मधल्या पायऱ्यांवर उभा राहिलो. मग रांगेत गेलो. त्या संध्याकाळी घरी कोणी त्याविषयी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात मराठी गद्याचा इतिहास शिकवला.

हे सगळे काही मी त्याला सांगितले नाही. शाळेचे नाव तेवढे सांगितले.

"चांगली शाळा आहे, सर," तो म्हणाला. "मराठी आहे ना तिथे?"

२०२० साली विधिमंडळाने कायदा करून सर्व शाळांत मराठी हा विषय अनिवार्य केला. न शिकवणाऱ्या शाळेला लाखापर्यंत दंड आहे.

"आहे," मी म्हटले. "सक्तीची."