विचारलेला प्रश्न कागद राखतो



मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम आटोपला, गाठी वाटून झाल्या आणि हॉल आवरायला आम्ही चार-पाच जणी मागे थांबलो होतो. त्यात आमच्या एक ज्येष्ठ काकू होत्या. त्यांनी नुकतेच घर बदलले, म्हणून नव्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचे होते. पर्समधून फॉर्म काढून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. “१९९६च्या आधी रक्त चढवलं होतं का, हे आता कशाला विचारतात गं?”

काकूंना चढवले होते. १९८३ साली, इथे इंग्लंडमधल्याच एका इस्पितळात, धाकटीच्या बाळंतपणात. दोन पिशव्या. काका बाहेर बाकावर रामरक्षा म्हणत बसले होते, हेही त्यांना लख्ख आठवते.

इंग्लंडमध्ये २०२५पासून नव्या रुग्णांना हा प्रश्न विचारला जाऊ लागला. त्यामागे एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेतली सर्वांत मोठी शोकांतिका आहे. १९७० ते १९९१ या काळात इथे रक्त घेतलेल्या सुमारे २६,८०० लोकांना त्या रक्तातून हेपटायटिस सी झाला, असा या प्रकरणाच्या चौकशी आयोगाचा अंदाज आहे. हिमोफिलियाच्या सुमारे १,२५० रुग्णांना रक्तापासून बनवलेल्या औषधातून एचआयव्ही झाला आणि त्यांतली ३८० मुले होती. हेपटायटिस सी कित्येक वर्षे काही जाणवू न देता यकृत पोखरत राहतो. आज तो आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, पण त्यासाठी आधी तो आहे हे कळायला हवे.

या विषाणूचा शोध १९८९मध्ये जाहीर झाला. जपानने त्याच वर्षी, तर अमेरिका आणि फ्रान्सने १९९०मध्ये दात्यांचे रक्त तपासायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये ही तपासणी सुरू व्हायला १ सप्टेंबर १९९१ उजाडला. उशीर का झाला, कोणी काय सल्ला दिला, हे सरकारच्या ज्या सल्लागार समितीच्या कागदांत होते तिच्या कामकाजाच्या फायली आरोग्य खात्यात १९९०च्या दशकात नष्ट झाल्या. न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या याच चौकशी आयोगाने २० मे २०२४ रोजी अहवाल दिला. काही कागद सत्य बाहेर येणे अवघड व्हावे म्हणून जाणूनबुजून नष्ट केले गेले, असा त्यात स्पष्ट निष्कर्ष आहे. अनेक रुग्णांची एचआयव्हीची चाचणी त्यांना न सांगता केली गेली होती आणि तिचा निकालही त्यांच्यापासून लपवला गेला होता. स्वतःच्याच रक्ताची बातमी माणसाला नाही, ती फायलीत पडून, आणि पुढे त्या फायलीलाही पाय फुटतात! आपल्या घरातले माणूस त्या जागी ठेवून पाहा, म्हणजे हा विषय मंडळाच्या वार्तापत्रात कशाला, असा प्रश्न पडणार नाही.

त्या वेळी इथे माहितीच्या अधिकाराचा कायदा नव्हता. आज आहे. २०००चा हा कायदा १ जानेवारी २००५पासून पूर्णपणे लागू झाला. सरकारी खाते असो, कौन्सिल असो की एनएचएसचे इस्पितळ, कोणीही लेखी माहिती मागू शकतो. आपले नाव, उत्तरासाठी पत्ता किंवा ईमेल आणि नेमके काय हवे ते लिहायचे. कारण सांगावे लागत नाही. उत्तर साधारणपणे कामकाजाच्या वीस दिवसांत यायला हवे. नकार आला तर आधी त्याच कार्यालयाकडे फेरविचार मागायचा आणि मग माहिती आयुक्तांकडे विनाशुल्क तक्रार करायची. नागरिकत्वाची अटही नाही. नातवंडांना भेटायला पुण्याहून आलेली आजीसुद्धा अर्ज करू शकते.

या कायद्यातले एक कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. माहिती मागितल्यानंतर ती मिळू नये म्हणून कागद नष्ट करणे, बदलणे किंवा दडवणे हा फौजदारी गुन्हा आहे. म्हणजे प्रश्न आत पोचला की कागदाला राखणदार मिळतो.

एका साध्या अर्जाने काय घडते, हे आपल्या मुंबईने दाखवले आहे. माहिती अधिकार कार्यकर्ते चेतन कोठारी यांनी भारतातल्या अशाच कायद्याखाली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडे आकडे मागितले. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ जणांनी आपल्याला रक्त घेतल्यामुळे एचआयव्ही झाल्याचे सांगितले होते, असे उत्तर आले. त्यांतले २७६ जण महाराष्ट्रातले होते. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या कारणावर आधारलेला हा आकडा होता, तरीही रक्तपेढ्यांतल्या तपासणीवर देशभर चर्चा झाली. तोवर तो सरकारदरबारी नोंदलेला होता आणि लोकांना ठाऊक नव्हता.

अर्ज करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. कायदा नोंदलेली माहिती देतो, मत किंवा खुलासा देत नाही. “चाचण्या कमी का केल्या?” असे विचारले तर हाती फारसे काही लागत नाही. “अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत किती चाचण्या झाल्या आणि त्याबाबतच्या बैठकांचे इतिवृत्त” असे मागितले तर कागद हलतो. दुसरे म्हणजे, स्वतःच्या आजारपणाचे कागद हवे असतील तर मार्ग वेगळा. ते विदासंरक्षण कायद्याखाली मागायचे, आणि त्याला एक महिन्याची मुदत असते.

काकूंनी चाचणीही केली आणि स्वतःचे कागदही मागितले. आधी घरबसल्या करायची एनएचएसची मोफत चाचणी मागवली. जेवणाच्या टेबलावर हात गरम पाण्यात धरून, बोटाला टोचून, इवल्याशा नळीत थेंब थेंब रक्त भरताना मी शेजारी होते. पाकीट त्यांनी स्वतः कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकले. निकाल आला: विषाणू नाही. इस्पितळाकडून मात्र १९८३चे कागद आता शिल्लक नाहीत, असे पत्र आले. बाळंतपणाच्या नोंदी पंचवीस वर्षे ठेवण्याचा नियम आहे आणि ती मुदत केव्हाच उलटली.

आजाराच्या बाबतीत आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात परका देश, कशाला कोणाच्या डोळ्यावर यायचे, हा संकोच. मी तो समजू शकते. पण आपण इथे राहतो, कर भरतो, आणि आपल्याही अंगात इथले रक्त गेले आहे. म्हणून विनंती, १९९६पूर्वी रक्त चढवले असेल तर जीपीला सांगा. भारतात चढवले असेल तरी सांगा, कारण तिथे हेपटायटिस सीसाठी रक्त तपासणे या शतकाच्या सुरुवातीला कुठे सक्तीचे झाले.

निकाल आल्यावर मी म्हटले, “सुटलात, काकू.” त्या म्हणाल्या, “मी सुटले गं. पण त्या वॉर्डात माझ्या रांगेत आणखी पाच जणी होत्या.”

त्या पाच जणींसाठी काकूंनी गेल्या आठवड्यात माहितीचा अर्ज पाठवला. आपल्या भागात जीपीच्या फॉर्मातल्या रक्ताच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या किती जणांना चाचणी सुचवली गेली, किती जणांनी ती केली आणि माहितीपत्रके कोणकोणत्या भाषांत दिली, एवढेच विचारले आहे. उत्तर जसे येईल तसे पुढच्या अंकात छापू.

आपली,
संपादक