चित्र खरे, वेग खोटा

परंडा किंवा भूम तालुक्यातील एखाद्या वस्तीवर रात्री लेकराला धाप लागते. ‘पोट लई उडतंय’ म्हणून आई मोबाईलवर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढते. तो आशाताईंकडे जातो, त्यांच्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे आणि तिथून कधी धाराशिवच्या, कधी सोलापूरच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे. जिल्ह्याचे ठिकाण लांब, रात्री वाहन मिळण्याची मारामार. अशा वेळी हा व्हिडिओ मोठाच आधार ठरतो. प्रश्न एवढाच, की तज्ज्ञांच्या मोबाईलवर लेकराचे पोट ज्या वेगाने उडताना दिसते, त्याच वेगाने ते खरोखर उडत होते का?

प्रश्न विचित्र वाटेल. चित्र धूसर आले तर लगेच कळते, रंग बिघडला तर कळते. वेग बदलला तर मात्र सहसा कळत नाही. हलते चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ ठेवायचे, ही सूचना फाईलमध्ये वेगळी लिहिलेली असते. चित्रे जशीच्या तशी राहिली आणि सूचना हरवली, किंवा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती पाळलीच नाही, तर चित्र खरे राहते आणि वेग खोटा होतो.

शुभेच्छांसाठी सर्रास फिरणारी ‘जिफ’ चित्रे हे याचे सर्वांत सोपे उदाहरण. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने हा प्रकार १९८७ साली आणला. त्याच्या १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्रानंतर किती थांबायचे हे सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहायची सोय झाली, तीही पूर्णांकातच. त्यामुळे सेकंदाला बरोबर ३० चित्रे हा वेग जिफमध्ये नेमका लिहिताच येत नाही; एक तर ३३ होतात, नाही तर २५. त्यावर आणखी एक गंमत. काही फाईलींमध्ये थांबण्याचा वेळ शून्य लिहिलेला असे. अशी चित्रे आवरेनाशी धावू नयेत म्हणून इंटरनेट ब्राउझरनी स्वतःच ब्रेक बसवला, आणि तो आजही आहे. फाईल सांगते सेकंदाचा शंभरावा भाग, ब्राउझर थांबतो दहावा भाग. म्हणजे चित्र दहापट सावकाश. दुसरे सॉफ्टवेअर तीच फाईल लिहिलेल्या वेगाने पळवते.

मराठी माणसाला हा घोळ तसा जुनाच. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. मूकपटांत सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रे असत; बोलपट आल्यावर २४ चा नियम झाला. जुनी फीत नव्या यंत्रावर चढवली की माणसे तुरुतुरु चालू लागतात. ती काही तशी चालत नव्हती. याच फाळक्यांनी त्याआधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून टिपली आणि काही आठवडे पडद्यावर अगदी थोडक्यात उरकून दाखवले. तिथे वेग मुद्दाम बदलला होता आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक होते. धोका आहे तो ठाऊक नसताना बदलण्याचा.

मूकपटात नट तुरुतुरु चालल्याने कोणाचे बिघडत नाही. न्यूमोनियाचे मात्र निदानच मोजण्यावर उभे आहे. खोकला किंवा धाप असलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे आपल्याकडे आशाताईंपासून तज्ज्ञांपर्यंत सगळे वापरतात. क्ष-किरण यंत्र नसलेल्या गावात सर्वांत भरवशाची तपासणी हीच.

आता हिशेब पाहा. दीड वर्षाच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४५ आहेत. मोबाईलने सेकंदाला ३० चित्रे टिपली, पण वाटेत कुठल्या तरी सॉफ्टवेअरने ती २४ च्या वेगाने दाखवली. मोजणाऱ्याला ३६ मिळतील, आणि ‘काही नाही, साधी सर्दी आहे’ असा निरोप जाईल. उलटेही घडते. रात्रीच्या अपुऱ्या उजेडात काही मोबाईल आपोआप कमी चित्रे टिपतात. २४ ने टिपलेले ३० ने पळाले, तर ३५ श्वासांचे लेकरू ४४ चे दिसेल आणि घरच्यांची रात्री विनाकारण धावपळ होईल. स्लो मोशनमध्ये चुकून काढलेला व्हिडिओ चारपट-आठपट सावकाश चालतो, तो कोणीही ओळखेल. फसवतो तो हा पंचवीस टक्क्यांच्या आसपासचा फरक, कारण तो डोळ्यांना खटकत नाही.

दुसरी अडचण जिफची. व्हॉट्सअ‍ॅपवर छोटा व्हिडिओ पाठवताना जिफचे बटण दाबले गेले, की आवाज जातो आणि चित्र गोल गोल फिरत राहते. छातीची घरघर, कण्हणे ऐकूच येत नाही. सहा सेकंदांची तीच फीत दहा वेळा फिरवून मिनिट भरले, तर जोडाच्या जागी अर्धवट तुटलेला श्वास दर फेरीला पूर्ण म्हणून मोजला जाऊ शकतो. शिवाय तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच एकसारखा नसतो. मध्ये थांबतो, मग भरभर चालतो. पूर्ण मिनिट मोजा, ६० च्या वर गेला तर पुन्हा मोजा, हा नियम त्यासाठीच आहे. सहा सेकंदांची दहापट म्हणजे एक मिनिट नव्हे.

मोठ्या रुग्णालयातही हे आहेच. धाराशिवचा हृदयरुग्ण पुण्याला जाताना अँजिओग्राफीची सीडी बरोबर नेतो. तिच्यातल्या ‘डायकॉम’ फाईलीत दोन चित्रांमधले अंतर लिहिलेले असते. मोबाईलवर पाठवता यावी म्हणून तिचा साधा व्हिडिओ केला, की ही नोंद मागे राहू शकते. १९९६ मध्ये अमेरिकेतील मायकेल गिब्सन आणि सहकाऱ्यांनी औषध रक्तवाहिनीच्या टोकाला पोहोचेपर्यंत किती चित्रे गेली, हे मोजून रक्तप्रवाह ठरवण्याची पद्धत दिली. ती सेकंदाला ३० चित्रांच्या हिशेबाने आहे. आज पुष्कळ ठिकाणी १५ नेच चित्रण होते, कारण त्यात क्ष-किरण कमी लागतात. दुप्पट करायचे विसरले, तर मंद प्रवाहही चांगला दिसतो. इकोच्या फितीला निदान एक आधार असतो: चित्रावर हृदयाचे ठोके आकड्यात छापलेले असतात. पडद्यावर मोजलेले ठोके त्याच्याशी जुळतात का, हे पाहायला पाव मिनिट पुरते.

म्हणून काय, व्हिडिओ पाठवायचे बंद करायचे? मुळीच नाही. छाती आत ओढली जाते का, ओठ निळे पडलेत का, आचके कोणत्या बाजूने येतात, हे कुठल्याही वेगात दिसते, आणि एरवी ते शब्दांत सांगणे अवघड असते. पण आकडा व्हिडिओतून काढू नये. तो बाळाजवळ, घड्याळ धरून, एक मिनिट मोजून लिहून पाठवावा. आशाताईंच्या घरभेटीच्या संचात डिजिटल घड्याळ त्यासाठीच दिलेले असते. ते बंद पडले तर वेळेत बदलून मिळावे, ही मागणी कोणत्याही मोठ्या यंत्राच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे. ई-संजीवनीवर डॉक्टर थेट बोलत असले तरी मोजणी उपकेंद्रातल्या व्यक्तीनेच करावी. ग्रामीण भागात नेट अडखळते, चित्र थिजते आणि मग झपाट्याने पुढे सरकते. त्यात श्वास कसले मोजणार? आणि फाईलीत वेगाची नोंद नसेल, तर तसे पडद्यावर ठळक लिहून यावे, ही अट सरकारी रुग्णालयांनी चित्रे पाहण्याचे सॉफ्टवेअर घेताना घालायला हवी. आज ते अंदाजाने एक वेग धरते आणि गप्प राहते.

घरच्यांसाठी उपाय सोपा आहे. व्हिडिओ काढताना सेकंदकाटा असलेले घड्याळ किंवा दुसऱ्या मोबाईलवर चालू केलेले स्टॉपवॉच लेकराच्या पोटाशेजारी, चित्रात येईल असे ठेवावे. लेकरू शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट चित्रण करावे. वेग बदललाच तर घड्याळही तेवढेच चुकेल, आणि पाहणारा त्याच घड्याळाच्या मिनिटाप्रमाणे मोजेल. मात्र लेकरू अंगावर पीत नसेल, आचके देत असेल, हाका मारूनही डोळे उघडत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर व्हिडिओ काढण्यात वेळ घालवू नये. आधी १०८ ला फोन लावावा.